लोणच्याच्या लेबलावर हॉल तिकीट

आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटरमधलं फक्त मला कळतं. (असं माझं म्हणणं. बाकी कुणाचं नाही.)

त्या सकाळी माझ्या लेकीची, शर्वरीची, प्रवेश परीक्षा होती. सेंटर कळव्याला. रिक्षा खाली उभी, आणि बाईसाहेब किंचाळल्या, "बाबा, हॉल तिकिटाची प्रिंट राहिली!"

"एवढंच ना?" मी बाह्या सरसावल्या. बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म! पुन्हा दाबलं. मग आणखी चारपाचदा, जोरात. (जोर लावला की कॉम्प्युटर ऐकतो.)

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, माझ्या लेबलांवर हे नाक कुणाचं?"

वैशाली घरगुती लोणची विकते. बाटल्यांवरची लेबलं छापायचा तिचा छोटा प्रिंटर स्वयंपाकघरात असतो. आदल्या दिवशी तिने लेबलं छापलेली. शेवटी ज्याच्यावर छापलं, तोच आपला प्रिंटर, असं कॉम्प्युटरने परस्पर ठरवून टाकलेलं! आता एका लेबलावर शर्वरीचं नाक, दुसऱ्यावर अर्धं आडनाव, तिसऱ्यावर नुसतंच 'सोबत आणू नये'!

"बाबा, सगळं एका पानावर मावेल असं करा ना!"

केलं. मावलं! अख्खं हॉल तिकीट एका लेबलावर. फोटोतली शर्वरी मोहरीएवढी!

"पोरीसोबत भिंग पण देतोस का?" माझ्या आईने विचारलं.

"बाबा, प्रिंटर बदला!"

"बदलतोय गं!" आणि बदललाच! मोठा प्रिंटर गुरगुरला. "आलं, आलं!" मी टाळ्याच पिटल्या. पानभर, ठळक अक्षरांत बाहेर आलं: 'कैरीचे लोणचे. कोरडा चमचा वापरावा.' (घाईत मी वैशालीचीच फाइल छापली होती.)

वळून बघतो तर शर्वरी गायब! अनवाणी खाली धावलो. समोरच्या झेरॉक्सवाल्याने तिच्या मोबाइलवरून केव्हाच प्रिंट काढून दिलेली.

"बाबा, झालं! येते!" रिक्षा सुटलीसुद्धा.

पेपर झकास गेला. संध्याकाळी मी आनंदाने जाहीर केलं, "निकालाची प्रिंट मीच काढणार, तीही रंगीत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कॉम्प्युटरला पासवर्ड!

"वैशाली, काय गं पासवर्ड?"

"आईंना विचारा. त्यांनाच सांगितलाय."

आता वयाच्या पन्नाशीत मी कॉम्प्युटरसाठी आईच्या मागे मागे फिरतो. आणि आई म्हणते, "आधी आंघोळ करून ये, मग बघू!"