बाहेर उभ्यांतला सातवा

कॉलेजच्या फलकावर माझं नाव सातवं दिसलं आणि मी सायकल दामटत घरी निघालो. वाटेत दिसेल त्याला ओरडून सांगितलं, "सातवा आलो!" संध्याकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, स्वतः फलक पाहून आले.

"सातवा आलास खरा, पण बाहेर उभ्यांत. वर एवढं थोरलं 'वेटिंग लिस्ट' लिहिलंय, ते दिसलं नाही?"

स्वतःच्या नावापलीकडे काही वाचायची मला सवयच नव्हती. जागा मिळाली नाही तर पापनाशमला मामाच्या भातगिरणीत पोत्यांवर शिक्के मारायचे, हे ठरलेलं. मामाने स्टूलसुद्धा पुसून ठेवलं होतं.

महिन्याभराने कार्ड आलं. एक जागा रिकामी झाली आहे. शुक्रवारी अकरा वाजता जे हजर असतील त्यांतून क्रमाने घेऊ.

"राहुकाळ पाहून नीघ रे," एवढं बजावून आई देवळात गेली. दिवसातला हा अशुभ दीड तास वारागणिक बदलतो, आणि त्यात तंजावरात कोणी शुभकार्याला हात लावत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं: दीड ते तीन. मी खुशाल निघालो.

फाटकाबाहेर चिंचेखाली सहा मुलं आपापल्या बापांसह उभी, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. बिचाऱ्यांना नकार मिळालेला दिसतो, असं वाटून मी कनवाळूपणे मान हलवली आणि आत गेलो.

नव्या प्राचार्यांनी सहा नावं वाचली. कोणी नाही. कारकून कुजबुजला, "सर, बारापर्यंत थांबू या. येतील."

"कार्डावर अकरा लिहिलंय. सातवा?"

"हजर!" मी असा ओरडलो, की कारकुनाचा टाक खाली पडला.

सही करून, कागद घेऊन बाहेर पडलो तो बाराचे टोले पडले आणि सहाही बाप आत घुसले. एकाने मला अडवलं. "तंबी, अरे पोरा, राहुकाळात सही केलीस?"

"राहुकाळ दीडला आहे," मी त्यांना समजावलं.

घरी आई कॅलेंडरापुढेच उभी होती. "रोजचं पान फाडायचं काम कोणाचं?"

माझं. भिंतीवर अजून गुरुवारच लोंबत होता. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा!

आईने कपाळाला हात लावला, मग दोन नारळ फोडले, एक देवाला आणि एक राहूला. अप्पा मात्र दारात उभे राहून गल्लीला ऐकवत होते, "आमचा सातवा आत गेला हो!"