बाबांचा पाय आणि थंड इंजिन

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमची गाडी सकाळी अंगात आल्यासारखी वागायला लागली. चावी फिरवली की इंजिन असं काही ओरडायचं की समोरच्या घरातली माणसं खिडकीशी यायची. थोडा वेळ हा थयथयाट चालायचा. मग इंजिन तापलं की गाडी एकदम गुणी. दिवसभर तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसायची.

गाडी बाबा चालवतात. नोकरीत असताना ते लाल बसचे ड्रायव्हर होते आणि घाटातली वळणं त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पेट्रोल गाडी घेतली. पुढे आईला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली, आणि व्यायामासाठी तिला जामसंड्याहून कणकवलीला नेणं-आणणं सुरू झालं. मी शाळेत शिकवते आणि शाळा सकाळची, त्यामुळे हे काम बाबांचं. त्यांना स्वयंपाक येत नाही, आईची वेणी घालता येत नाही, गोळ्यांची पाकिटं उघडताना निम्म्या गोळ्या जमिनीवर. आईसाठी त्यांना नीट करता येण्यासारखं हे एकच काम होतं आणि त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

एका सकाळी गाडी मागे घेताना तिने अशी उसळी मारली की कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर जाऊन आदळली. मागचा दिवा फुटला, गडग्याचे वरचे चिरे रस्त्यात पडले. आई पुढच्या सीटवर होती. तिला काही लागलं नाही, पण वाडीला विषय मिळाला. शेजारचे गृहस्थ चिरे उचलू लागायला आले आणि उचलता उचलता म्हणाले, "एक्सिलेटरवर पाय रवलो आसतलो. वयान होता तसा." बाबा खाली वाकून दिव्याच्या काचा वेचत राहिले. संध्याकाळपर्यंत ही बातमी पुण्याला भावाकडे पोचली. कुणी पोचवली ते विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचा फोन आला, "बाबांचं वय झालंय. चावी काढून घे. आईला त्यांच्या गाडीत बसवू नकोस." मी त्याला म्हटलं, मग तू ये आणि ने तिला. फोन जरा जोरातच ठेवला. पुण्यात बसून हुकूम सोडणाऱ्यांचा मला फार राग येतो, त्यात सख्खा भाऊ असला तर जास्तच.

आम्ही गाडी देवगड रस्त्यावरच्या गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक बंदराकडच्या मुसलमान कुटुंबातला, गड्याला बोलण्याची भारी हौस. त्याने बॉनेट उघडलं, कॉम्प्युटर जोडला, कान देऊन ऐकलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. "काकानू, गाडी ठीक आसा. माका कायच गावूक नाय," तो म्हणाला. गंमत अशी की गाडी त्याच्या दारात पोचेपर्यंत तापलेली असायची, आणि तापली की तिचं दुखणं पळून जायचं. डॉक्टरसमोर गेल्यावर पोटदुखी थांबते ना, त्यातला प्रकार. पण गाडीत दोष नाही म्हटल्यावर उरलं काय? बाबांचा पाय.

परत येताना बाबांनी एकाही ड्रायव्हरला नावं ठेवली नाहीत. एरवी ते समोरून येणाऱ्या एकालाही सोडत नाहीत.

पुढच्या खेपेला मेकॅनिकने इंजिन थंड आहे की गरम ते सांगणारा सेन्सर बदलला. "आता झाला काम," म्हणाला. दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्यापेक्षा मोठ्याने किंचाळली. बाबांनी ती बंद केली, आत आले आणि चावी माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे." एवढंच. ज्या माणसाने भरलेल्या बसगाड्या भर पावसात घाटातून सुखरूप उतरवल्या, तो माणूस आपल्याच उजव्या पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसं बघत होता. चावी ठेवून घेऊ की परत देऊ, मला सुचेना.

आई आतून म्हणाली, "माका रिक्षान जावचा नाय. धचके बसतत." मग ती भिंतीला धरत धरत अंगणात गेली आणि गाडीशी जाऊन उभी राहिली. शेवटी बाबा माझ्या हातातली चावी उचलून तिच्यामागे गेले.

त्या दुपारी मी मेकॅनिकला फोन केला आणि माझा आवाज चढला असणार. तो रागावला नाही. म्हणाला, "बाय, थंड इंजिन वायच जोरान फिरताच, ता तसाच बनवलेला आसता. पण तुमी सांगतास ता जरा अतीच आसा. माका ती थंड आसताना बघूक व्हयी. उद्या सकाळी मीच येतंय. तवसर कोणी चावी फिरवू नुको."

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज पढून तो थेट आमच्याकडे आला. गवतावर दव होतं, बॉनेटवरही. त्याने बाबांना गाडीत बसवलंच नाही. बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून चावी फिरवली. पेडलच्या आसपास कुणाचाही पाय नव्हता आणि इंजिनाने नेहमीसारखी बोंब ठोकली. मी बाबांकडे बघितलं. ते दाराची चौकट धरून उभे होते.

"पाणी मारूची बाटली आसा काय?" मेकॅनिकने विचारलं. इस्त्री करताना मी साड्यांवर पाणी मारते ती बाटली आणून दिली. तो इंजिनातल्या एकेका रबरी पाइपाच्या जोडावर पाण्याचा फवारा सोडत गेला. एका पाइपाच्या तोंडाशी पाणी पडलं आणि इंजिनाचा आवाज धाडकन खाली आला. पाणी ओघळून गेल्यावर परत चढला. त्याने पुन्हा फवारा मारला, पुन्हा उतरला. इंजिन बंद करून त्याने तो पाइप नुसत्या दोन बोटांनी ओढून काढला, दाबून बघितला, मग नाकाशी नेला.

"हेका खोबरेल कोणी लावल्यान?"

बाबा चौकट सोडून पुढे आले. म्हणाले, "मी."

दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळी, कुदळ यांच्या पूजेबरोबर गाडीचीही पूजा होते. त्या दिवशी बाबा इंजिन पुसून काढतात आणि घरच्या नारळांचं तेल फडक्याने सगळीकडे चोळतात. खारी हवा लोखंड खाते, म्हणून या किनाऱ्यावर आम्ही कडीकोयंड्यांपासून छत्रीच्या काड्यांपर्यंत सगळ्याला तेल लावतो. बसचे दिवस संपल्यावर त्यांची सगळी माया या गाडीवर, तेव्हा ते दसऱ्यापुरते थोडेच थांबणार? आठवण झाली की लावत होते.

"लोखंडाक लावा, काकानू. रबराक नको," मेकॅनिक म्हणाला. "तेलान रबर फुगता, मऊ पडता. थंडीत ह्यो पाइप सैल बसता, भायली हवा आत ओढता आणि इंजिन सुटता. तापल्यार परत घट्ट बसता."

"म्हणजे पाय न्हय?"

"पायाचो काय संबंध?"

बाबा पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "माझ्याच हातान झाला. बरा झाला. तेल लावचा बंद करूक येता. पाय खंयसून बदलून हाडतलंय?"

मेकॅनिकने आमच्याकडे घावणे खाल्ले, नवा पाइप आणून बसवला, आपला सेन्सरचा अंदाज कसा फसला ते बाबांना रंगवून सांगितलं आणि गेला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. म्हाताऱ्याच्या पायावर खापर फोडून मोकळं होणं त्यालाही सोपं होतं. तो मात्र अंदाज चुकल्यावरही परत आला, आणि खिडकीतून हात घालून चावी फिरवण्याचं त्याला सुचलं. बाबांना आपण काय परत दिलं हे त्याला कळलंही नसेल.

दुसऱ्या सकाळी गाडी कुरकुर न करता सुरू झाली. मी आत आईची वेणी घालत होते. सहज विचारलं, "आई, इतके दिवस त्या गाडीत बसताना तू भियत नाय होतंस?"

झटक्यानंतर ती सावकाश बोलते. म्हणाली, "भियत होतंय गो. उसळी मारी तेव्हा काळजात धस्स होय. राती झोप नाय येय."

"मग बसत कित्याक होतंस?"

"मी उतारलंय असतंय, तर तेंनी परत चावी हातात घेतली नसती."