दोन ओळखीचे, नातेवाईक सोडून

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझी पोस्टिंग लागली घोडबंदर रोडला. एका बँकेच्या सर्व्हर इमारतीचं गेट, कंत्राटी गार्ड सुपरवायझर. पेन्शनने पोट भरतं, दिवस भरत नाही. म्हणून ही नोकरी मला हवीच होती.

बावीस वर्षं मी लोकांचे पास तपासले. आता लोक मला तपासणार! मिशीला पीळ देऊन फॉर्म भरायला बसलो. पोलीस व्हेरिफिकेशन, पत्त्याची पडताळणी आणि शेवटी, पाच वर्षांपासून ओळखणारे दोघे, नातेवाईक सोडून.

पहिले आमचे सुभेदारसाहेब. दुसरं नाव हाताने आपसूकच लिहिलं : नाईक विठ्ठल भोईर, मोहने. युनिटमध्ये प्रत्येकाला एक बडी असतो, कायमचा जोडीदार. कुठल्याही कागदावर माझ्यानंतर त्याचंच नाव. त्याच्या घरचा नंबरही पाठ होता.

मंगळवारी ११:०० वाजता पडताळणीवाला मानपाड्याला, माझ्या घरी आला. शेजारच्या जोशीबाईंना म्हणाला, "यांना ओळखता?"

"फौजी काका ना? रोज बघते की! नाव... अय्या, नाव कधी विचारलंच नाही."

सात वर्षांचा शेजार. मी खो खो हसलो. त्याने लिहिलं, ‘ओळख पटली नाही’, आणि गेला. आता सगळी मदार त्या दोन नावांवर. दार लावलं. घरात हसणारा मी, ऐकणाराही मीच.

गुरुवारी एजन्सीतल्या मुलीचा फोन आला.

"सर, सुभेदारसाहेब ओके. दुसरा फोन एका मॅडमनी उचलला. भोईर सर तर..."

तेव्हा कळलं, मी काय लिहून बसलो होतो.

त्या सकाळी बर्फातल्या गस्तीवर विठ्ठल माझ्या दहा पावलं पुढे होता. ०६:४० ला बर्फ सरकला. मी रेडिओवर ओरडलो, "बडी डाउन. ओव्हर."

"वेट. आउट." म्हणजे थांबा, बोलणं संपलं.

तीन तास खणलं. चौथ्या दिवशी त्याची पेटी घेऊन मोहने गावी मीच आलो. वहिनींना त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

"चुकलं माझं, बेटा," मी म्हणालो. "नाव काढून टाक."

"त्या मॅडम तुमच्या नात्यातल्या आहेत?"

"नाही."

"मग त्यांचंच लावते ना, सर. मी विचारलेलं, किती वर्षं ओळखता? म्हणाल्या, नऊ. कसं ओळखता विचारलं, तर म्हणाल्या, ‘आमचे हे ज्यांच्यासोबत घरी आले, तेच ना?’"

सोमवारी ०७:०० वाजता गेटवर रुजू झालो. दहा पावलं पुढे कुणी नव्हतं.