लोकरीच्या धाग्याने मोजलेली वाट

लग्नानंतर मी शिकागोला निघाले, तेव्हा वडगाव निंबाळकरच्या आमच्या घरात एकच प्रश्न होता: पोचायला किती वेळ लागणार? माझ्या वडिलांना, आबांना, तो नेमका हवा होता. त्यांचे तारुण्य मेंढरांमागे गेले होते, आणि त्या चालण्यातला एक नेम शेती धरल्यावरही त्यांनी सोडला नव्हता. मुक्कामावर मागचे माणूस पोचेपर्यंत कुणी भाकरी मोडायची नाही.

मी इंदापूरला शाळेत कविता शिकवत असे. राजीनाम्याआधी शाळेतला पृथ्वीगोल एका रविवारापुरता घरी आणला. आबांनी जुन्या घोंगडीचा काळा धागा उसवून दिला. त्याला धुराचा आणि भिजून वाळलेल्या मेंढीचा वास होता. आईने मुंबईवर बोट दाबून धरले. मी धागा ताणत उत्तरेच्या पांढऱ्या कडेवरून शिकागोपर्यंत नेला, मग तोच विषुववृत्तावर अंथरून लांबी काढली आणि विमानाच्या वेगाने भागले.

"पहाटे उडालं, की आपल्या दिवेलागणीपर्यंत पोचेन," मी म्हणाले.

"म्हंजे एकच मुक्काम!" आबा खुलले. "आन् मी उगंच म्हनत हुतो, पोरगी लांब चालली. पोचली की फोन कर. तवर आमी थांबतो."

"थांबा की," आई म्हणाली. "दुपारच्या भाकरीला दोन घटका उशीर झाला तर घर डोक्यावर घेता, बघूच कसं थांबता ते."

लोकर ताणली की लांबते, सोडली की आखडते. तिच्या उबेत वाढलेल्या मला हे कळायला हवे होते. ताणून घेतलेली वाट मी सैल सोडून मोजली होती. शिवाय मधल्या विमानतळावर तिष्ठत बसायचे असते, हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हते. त्या परक्या विमानतळाच्या थंड, धातूच्या वासाच्या खुर्चीवर बसले असतानाच गावाकडची दिवेलागण होऊन गेली. मला जाणवले ते फक्त पाय सुजल्याचे.

शिकागोत उतरले तेव्हा तिथे सांज होती. नवऱ्याच्या मित्राकडे जेवण तयार होते: वाफाळता भात, आमटी, वर विरघळणारे तूप. तुपाचा वास येताच मी सगळे विसरले. पुन्हा मागून वाढून घेतले. फोनचे आठवले, तेव्हा डोळे मिटत होते. उद्या करू, असे स्वतःशी म्हटले आणि झोपले.

सकाळी उठून गावच्या एसटी स्टँडजवळच्या फोनच्या दुकानाचा नंबर फिरवला. तिकडे दुसऱ्या दिवसाची दिवेलागण झालेली. कुणाला तरी आईला बोलवायला धाडतील, मी थांबेन, असे धरून चालले होते. पण पहिली घंटी पुरती वाजलीही नाही, तोच आईचा आवाज आला.

"पोचलीस व्हय गं?"

"पोचले. तुम्ही तिथेच बसला होता?"

"मग कुठं जाऊ? कालधरनं हितंच हाय. रातच्याला दुकान बंद झालं तवा तेवढं घरी गेलो." मग तिने, दर वेळी विचारते तसे, सहज विचारले, "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले.

"जेवलीया ती," तिने मागे वळून सांगितले. आबांचा आवाज लांबून, थकलेला पण समाधानी, तारेतून आला: "मग उठ आता. पोरगी मुक्कामाला पोचली. भाकर मोडू."