अडकणाऱ्या कुलपांचा कैवारी

कुलूपवाल्याची आणि माझी पहिली भेट बंद दारातून झाली. मी न्हाणीघरात टॉवेल गुंडाळून इतका वेळ अडकलो होतो की बाहेर बायकोने माझे कपडे वाटायला काढले असावेत.

"साहेब, दाराचं कुलूप गावच्या कारखान्याचं ना? मग अडकणारच! तिथले कामगार गाढवं आहेत गाढवं!" असं ओरडत त्याने मला सोडवलं.

परदेशी कुलपांवर जबर आयातकर होता. त्यामुळे घरोघरी हीच कुलपं होती आणि ती अडकत होती म्हणून त्याचं पोट चालत होतं.

मग सरकारने कर उठवायचं ठरवलं. कारखान्याच्या कामगारांनी विरोधात मोर्चा काढला, तर सगळ्यात पुढे कुलूपवाला, घसा फोडून घोषणा देतोय!

बायकोने त्याला गाठलं. "अहो भाऊ, तुम्ही तर यांना गाढवं म्हणायचात!"

"वहिनी, आजही म्हणतो. पण ही गाढवं गेली तर मला कोण बोलावणार?"

"म्हणजे आम्ही जन्मभर अडकून बसायचं?"

"जन्मभर कुठे? माझ्या पोरीचं शिक्षण होईपर्यंतच!"

कर उठला आणि कारखाना बंद पडला. कुलूपवाला आता निम्म्या कमाईवर एका दुकानात परदेशी कुलपं विकतो. कॉलेज सोडून मुलगीही तिथेच गल्ल्यावर बसते.