तिरुवैयारूची हिरवी भिंत

हे मी कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवापुढेही मोठ्यानं नाही. आणि आज लिहितोय तेही मराठीत — का, सांगू? आमच्या तंजावरच्या घरात मराठी सगळे बोलतात, पण देवनागरी आता माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. हे पान मुलांच्या नजरेस पडलं तरी मी सुरक्षित. बघा, कबूल करायला बसलो तोही आडोसा धरून!

आमचा धंदा रंगाचा. पणजोबा चुना भिजवून घरं पांढरी करायचे, आजोबांनी ऑइलपेंट आणला, अप्पांनी — माझ्या वडिलांनी — दुरुस्तीची कंत्राटंही घ्यायला सुरुवात केली. चार पिढ्यांत एक रीत मात्र बदलली नाही. रंग कालवणाऱ्यानं तो स्वतः पास करायचा नाही. भिंतीवर वीतभर पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानं तो बघून ‘सरी’ म्हणायचं. सरी म्हणजे ठीक. ते ऐकल्याशिवाय कामगार ब्रश उचलत नसत. आजोबा म्हणायचे, कालवणाऱ्याला आपला तो बाब्याच वाटणार, म्हणून दुसरा डोळा हवा. आजोबा कालवायचे तेव्हा अप्पा बघायचे. अप्पा कालवू लागल्यावर मी.

मी एक्केचाळीस वर्षांचा झालो तरी ‘बघणारा’च होतो. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, अप्पा कुठे आहेत? मी समोर उभा — आणि अप्पा कुठे आहेत! मला रंग मिसळायचं मशीन आणायचं होतं, अप्पा हसून म्हणायचे, मशीनला भिंत कुठे दिसते. कामगारही हसायचे. मी ते हसणं साठवून ठेवत गेलो. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात? 

मग एकदा आईची निळी साडी वाळत होती आणि अप्पा म्हणाले, ती हिरवी आत घे, ऊन लागतंय. आईला वाटलं, थट्टा करतायत. मला वाटलं नाही. पुढच्या काही दिवसांत मी मुद्दाम पाहत राहिलो — डब्यावरचं नाव ते डोळ्याजवळ नेऊन वाचत होते, दिव्याकडे बघताना पापण्या मिटून घेत होते. मोतीबिंदू. गावातल्या दवाखान्यात रोज होणारं ऑपरेशन. एक शब्द बोललो असतो तर त्याच आठवड्यात झालं असतं. मी मूग गिळून बसलो. कारण डोळे बरे झाले असते तर अप्पा आणखी दहा वर्षं दुकानातल्या मालकाच्या खुर्चीवर बसले असते. हे असं आहे. याहून बरं कारण माझ्याकडे नाही.

तंजावरजवळ तिरुवैयारूला वीणा शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या वाद्यारांचं, म्हणजे गुरुजींचं, घर होतं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, पुढच्या भिंतीचा गिलावा आम्ही नवा केला होता, आणि त्याचा रंग बाजूच्या जुन्या फिकट हिरव्याशी जुळवायचा होता. अप्पांनी कालवलं. पट्टा ओढला. आम्ही वाळायची वाट बघत ओसरीवर बसलो, वाद्यारांच्या घरून कॉफी आली, ती प्यायलो. पट्टा वाळत गेला तसा निळा होत गेला.  अप्पांनी मान वळवून विचारलं,

“सरी आहे का रे?”

“सरी आहे, अप्पा.”

चार माणसांनी दुपारपर्यंत अख्खी भिंत रंगवली. त्यांनाही दिसत असणार. पण घरच्यांनी सरी म्हटल्यावर ते कशाला तोंड उघडतील? वाद्यार पाहुण्यांना घेऊन बाहेर आले आणि थबकले. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. वाद्यार हळूच म्हणाले, हे निळं कसं झालं? अप्पा भिंतीकडे बघत राहिले, मग जुन्या भिंतीकडे, पुन्हा नव्या. त्यांना फरक दिसत नव्हता, आणि तो दिसत नाही हे आता सगळ्यांना दिसत होतं. मी पुढे झालो, हात जोडले आणि सर्वांदेखत म्हणालो की अप्पांची नजर गेलीय, ऐकत नाहीत, मी बघतो. माझ्या मोपेडला बांधलेल्या पोत्यात योग्य रंग तयार होता. आदल्या दिवशी मीच कालवून ठेवला होता. कळलं ना? आदल्या दिवशी.

अप्पा त्या दिवशी बसनं एकटे घरी गेले. नंतर त्यांनी रंगाला हात लावला नाही. खुर्ची मला मिळाली, मशीनही आलं. डोळ्यांचं नाव काढलं की ते म्हणायचे, आता काय बघायचंय. दोन वर्षांनी माझ्या बायकोनं हट्टानं नेऊन ऑपरेशन करवलं तेव्हा त्यांना लख्ख दिसू लागलं.

ठरलेला रंग कौलाच्या तुकड्यावर लावून गोदामात ठेवायची आमची पद्धत. एका सकाळी मी गेलो तर अप्पा तिरुवैयारूचे दोन तुकडे हातात घेऊन दारातल्या उजेडात उभे. एक नंतरचा हिरवा, एक मी ‘सरी’ म्हटलेला निळा. आंधळ्यालाही कळावा इतका फरक.

“तुज दिसलं नाही का रे, तेव्हां?”

खरं बोलायला तेवढी एकच संधी होती. मी म्हणालो, नाही अप्पा.

त्यांनी तुकडे खाली ठेवले, जवळ येऊन माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे माझंच आलंय तुज. इतक्या लवकर.”

दुसऱ्याच दिवशी ते मला डॉक्टरकडे घेऊन गेले, बाहेर बाकावर बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मी बाहेर येऊन सांगितलं, थोडी सुरुवात आहे, थेंब घालायला सांगितलेत. दुकानातून साधे थेंब विकत घेतले. त्यांना खरं ठाऊक होतं का? मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर ते चौदा महिने जगले. रोज संध्याकाळी जेवणाआधी ते मला समोर बसवायचे, माझी हनुवटी धरून मान मागे करायचे आणि माझ्या धडधाकट डोळ्यांत औषध घालायचे. मग माझं ओलं तोंड स्वतःच्या पंच्यानं पुसायचे. एकही दिवस त्यांनी चुकवला नाही, आणि एकही दिवस मी त्यांचा हात थांबवला नाही.