फडक्याशिवाय हात

"हात काढ आधी."

ताईंचे ओठ मला स्वच्छ दिसले. एरवी त्या मला मावशी म्हणतात, अहो-जाहो करतात. त्या शनिवारी पाहुण्यांसमोर एकदम 'काढ' म्हणाल्या. मला ऐकू येत नाही. ओठ वाचता येतात.

मी हात काढला. ताईंनी ओला टिश्यू घेतला आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जिथे माझा पंजा होता, तिथे पुसलं. मग पाहुण्यांकडे तोंड करून काही बोलल्या. पाठ माझ्याकडे, त्यामुळे काय ते कळलं नाही. पाहुणे हसले, ते कळलं.

करी रोडच्या टॉवरमध्ये ताईंच्या घरी मी काम करायची. त्यांची मुलगी अन्वी आठ वर्षांची. माझ्यासारखीच बहिरी. तिच्या कानामागे यंत्र आहे, पण त्यातून गाणं तिला नीट कळत नाही. म्हणून दर शनिवारी गाण्याचे सर येतात. ते तंबोरा छेडतात आणि अन्वी भोपळ्याला दोन्ही हात लावून, गाल टेकून, डोळे मिटून बसते. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमची अन्वी हातांनी गाणं ऐकते." लोक माना डोलावतात. एखादी बाई डोळे टिपते.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहायची आणि जळायची. खोटं कशाला लिहू? या वहीत माझ्याशिवाय कोण बघणार आहे? मला त्या पोरीची दया कधी आली नाही. हेवा वाटला. तिच्या यंत्राचा नाही, तिच्या खोलीचा नाही. तिच्या त्या टेकलेल्या गालाचा.

तंबोरा रोज पुसायची मीच. त्याला मऊ पिवळं फडकं ठरलेलं. "फडक्यानेच हं मावशी, हाताचे डाग पडतात." हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. मी पुसायची तेव्हा तो मुका असायचा. नुसतं लाकूड. मी बाजूला झाले की तो त्या पोरीशी बोलायचा.

मी चौथीत होते. लालबागला आमच्या चाळीत गणपतीत भजन असायचं आणि पखवाज माझे बाबा वाजवायचे. त्या वर्षी मला मोठा ताप आला. ताप उतरला, कान गेले. शाळाही गेली. पुढच्या गणपतीत मी बाबांना खेटून बसले आणि पखवाजाच्या मधल्या लाकडावर हात ठेवला. हाताला धक्का बसला. कोपरापर्यंत आला, मग छातीत. हे मी ओळखत होते. हा माझा बाप वाजवत होता.

तेवढ्यात आत्याने मनगट धरून मला मागे ओढलं. तोंड जवळ आणून, मोठं करून म्हणाली, "बायकांनी पखवाजाक हात लावूचो नसता. आणि तुका बहिरीक भजन कित्याक व्हया?"

मी बाबांकडे बघितलं. ते वाजवत राहिले.

तेव्हापासून मी मागे, बायकांत. प्रसादाचं ताट माझ्याकडे. बाबा गेले, आता भाऊ वाजवतो. मी मागेच.

त्या शनिवारी ट्रे ठेवला आणि वळणार, तर अन्वीने डोळे उघडले. माझ्याकडे बघून ती थोडी सरकली. जागा केली. मी खाली बसले आणि उघडा तळहात भोपळ्यावर ठेवला.

आलं. पखवाजासारखं दणके देत नाही. बारीक, एकसारखं, बोटांतून मनगटात वाहत येतं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर ताईंचे ओठ.

सोमवारी पिवळं फडकं माझ्या हातात आलं. "तंबोरा पुसा आधी, मावशी. शनिवारचा डाग राहिलाय."

पुन्हा मावशी.

मी कुठे फार बोलत नाही. माझा आवाज मला कळत नाही, मोठा निघतो, जाड निघतो. लोक हसतात. त्या दिवशी बोलले.

"माझा हात चालत नाही, तर फडकंही नाही. तुम्हीच पुसा."

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे."

फडक्याची घडी केली, तंबोऱ्याजवळ ठेवली. भांडी घासली, लादी पुसली. निघताना ताई म्हणाल्या, "मला दुसरी बाई बघावी लागेल." म्हटलं, बघा.

दुसरं काम मिळालं, परळला. त्या घरात वाद्य नाही. अन्वी अजून शनिवारी गाल टेकून बसत असेल. मला अजून तिचा हेवा वाटतो. जेवताना वाटतो, झोपताना वाटतो. तो मला घालवायचा नाही. तो गेला की मी पुन्हा प्रसादाचं ताट धरून मागे बसेन.

गणपती जवळ आलेत. भावाला सांगितलं, यंदा तुझ्या शेजारी बसणार, पखवाजाला हात लावून.

तो म्हणाला, "ताये, लोक काय म्हणतले?"

लोक म्हणतील ते मी आजवर त्यांच्या तोंडाकडे बघून घेत आले. यंदा मी पखवाजाकडे बघणार. ज्याला 'हात काढ' म्हणायचं आहे, त्याने म्हणत बसावं. मी त्याचे ओठ बघायला मान वर करणार नाही.